सायलेन्सरमधलं पोळं

माझ्या साडूच्या गाडीचा मला हेवा वाटत असे. मला स्वतःला गाडी नको होती. गिरगावात आमच्या चाळीखाली सायकल टेकवायला जागा मिळत नाही, गाडी घेऊन मी ती ठेवणार कुठे? पण त्या गाडीमुळे साडूला जे मिळालं ते मला हवं होतं. त्याला आमचे सासरे मिळाले.

सासऱ्यांना दोनच मुली. थोरली माझी बायको, धाकटी त्याची. सासरे लालबागला राहत आणि परळच्या एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात फिटर होते. साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, शेकडो चात्या गरगर फिरत असताना त्यातली एखादी कण्हायला लागली, तर नुसत्या आवाजावरून ते तिच्यापाशी जाऊन उभे राहत, असं त्यांचे सोबती सांगायचे. मशीन तेलावर चालतं, एवढं एकच तत्त्व त्यांनी आयुष्यभर धरलं होतं. तेल द्यायला विसरणारा आणि ताटात अन्न टाकून उठणारा, ही दोन्ही माणसं त्यांच्या लेखी सारखीच.

माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत गिरण्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा शिवडीला, वंगणतेलं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नवा होतो. शिवडीहून गिरगावला जाताना लालबाग वाटेतच पडतं. रोज संध्याकाळी मी सासुरवाडीला उतरायचो. कधी तांदूळ, कधी रॉकेल, कधी धाकटीची शाळेची पुस्तकं. सासरे घेत, कारण घेण्यावाचून इलाज नव्हता. पण मी पिशवी खाली ठेवली की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहत. आत सासूबाई माझ्याशी बोलत बसत, आणि मी निघालो की ते गॅलरीतूनच म्हणत, ‘या, जावईबापू.’

तो संप नेमका कधी संपला हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. सासऱ्यांना गिरणीने परत घेतलं नाही, एवढं खरं. पुढे ते फोर्टात एका कचेरीत लिफ्टमन म्हणून लागले. लिफ्टच्या तेलपाण्याचा करार दुसऱ्याच कंपनीकडे होता. दिवसभर मशीनमध्ये उभं राहायचं आणि त्याला हात लावायचा नाही, अशी ती नोकरी. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापाशी घासते, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

माझ्याशी ते नेहमी शुद्ध, जपून मराठी बोलत. मला खुर्ची देत, स्वतः खाटेवर बसत. मी ते प्रेमच धरून चाललो होतो.

मग धाकटीचं लग्न झालं. साडू त्यांच्याच बाजूचा, मालवणकडचा, शेजारच्या गावातला. केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरी आणि अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत क्वार्टर. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आला तो बंद पडलेला मिक्सर काखेत मारून. ‘मामा, ह्या जरा बघा मां,’ म्हणाला आणि सरळ जमिनीवर बसला. सासरे हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. ते त्याच्यासमोर फतकल मारून बसले, स्क्रू काढत त्याला ‘अरे झिला’, म्हणजे पोरा, म्हणाले, आणि तासभर दोघं मालवणीत बोलत राहिले. मी खुर्चीवर होतो. दहा वर्षं मी त्या घरात काहीतरी आणून देत होतो. हा पहिल्या दिवशी काहीतरी मागायला आला. फरक एवढाच होता, पण तो समजायला मला फार वेळ लागला. आणि समजल्यावर हेवा कमी झाला असं काही झालं नाही.

गाडी त्याने कचेरीच्या कर्जावर घेतली. मुंबईत नव्या गाड्यांना शिसं नसलेलं पेट्रोल आणि धूर शुद्ध करणारं ते यंत्र सक्तीचं झालं, त्या सुमाराची गोष्ट. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. सासरे निवृत्त झाले होते आणि लालबागच्या खोलीत एकटे होते. गाडी आल्यापासून दर रविवारी सकाळी ते बस पकडून अँटॉप हिलला जाऊ लागले. वसाहतीत इमारतीखाली ऐसपैस जागा. साडू बॉनेट उघडून द्यायचा आणि शेजारी उभा राहायचा. सासरे प्लग काढून घासत, पट्टा दाबून बघत, इंजिन चालू ठेवून कान लावत. तेरा-चौदा वर्षांनी त्यांच्या हाताला पुन्हा मशीन लागलं होतं. दुपारी जेवून साडू त्यांना पुढच्या सीटवर बसवून लालबागला सोडायला यायचा.

त्याच रविवारांत तेलाची गोष्ट सुरू झाली. शिसं काढलं म्हणजे पेट्रोल कोरडं झालं, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. ते अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचा थोडा आधार मिळत असे. पण नव्या गाड्यांच्या बैठकी त्यासाठी कठीण धातूच्याच बनवलेल्या असतात. सासऱ्यांना ते पटण्यासारखं नव्हतं. ते घरून एका बाटलीत इंजिन ऑइल घेऊन जात आणि टाकी भरलेली असली की त्यात झाकणभर ओतत. स्कूटरवाले पेट्रोलमध्ये तेल मिसळतात ते त्यांनी पाहिलं होतं. शिवाय इंजिनातलं तेल मोजकांडीवरच्या खुणेच्या वर, चांगलं बोटभर जास्त ठेवत. गिरणीत कुणाला तेल कमी पडलं म्हणून शिक्षा व्हायची, जास्त झालं म्हणून कधीच नाही.

इथे मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाच्या बाजूला, एक पत्र्याचा फुगीर डबा असतो, धूर शुद्ध करणारं यंत्र ते हेच. त्यात चिनीमातीसारख्या पदार्थाचं एक पोळं असतं, मधाच्या पोळ्यासारखंच, पण चौकोनी भोकांचं. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम आणि त्याच्या जातकुळीतल्या धातूंचे कण बसवलेले असतात, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. इंजिनातून अर्धवट जळालेला धूर येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड त्या कणांवर क्षणभर टेकतो, तिथे त्याला प्राणवायू भेटतो, आणि तो निरुपद्रवी होऊन पुढे जातो. कण स्वतः खर्च होत नाहीत. त्यांचं काम फक्त बसायला जागा देण्याचं. पोळ्याचं वाटोळं होतं ते बहुधा या जागा अडल्यामुळे. शिसं येऊन बसलं की उठत नाही. गंधकही बसतो, पण गाडी लांबवर पळवली, पोळं चांगलं तापलं, की त्यातला बराचसा निघून जातो. फॉस्फरस आणि जस्त मात्र निघत नाहीत. ते भिंतींवर काचेसारखा थर धरतात, आणि त्या थराखाली प्लॅटिनम शाबूत असूनही त्याचा कुणाला उपयोग उरत नाही. हे सगळं एका दिवसात होत नाही. झाकणाझाकणाने होतं.

आणि इंजिन ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असतंच. झीज रोखायला ते मुद्दाम घालतात. त्याचं प्रमाण मोजणं हेच माझं रोजचं काम होतं.

म्हणून मी सांगितलं. एका रविवारी आम्ही सगळे अँटॉप हिलला जेवायला होतो, तेव्हा सासऱ्यांच्या हातात बाटली बघून मी त्यांना सगळं समजावून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘जावईबापू, तुमचं तेल नळीतलं. तुम्ही ते जाळून, उकळून बघता. मी चालत्या मशीनला घालतो.’ आणि झाकण ओतलं.

साडू मला बाजूला घेऊन म्हणाला की एवढ्याशा तेलाने काय होतंय, मामांचं मन राहतं. त्याला मी आकडे सांगायला लागलो तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मासे गरम आहेत तोवर बसायला सांगितलं.

परतताना बसमध्ये बायको खिडकीशी बसली. दादर गेल्यावर म्हणाली, ‘तुमचं खरंच असेल. पण ते तुमच्या तोंडून आलं ना, की गाडी बघवत नाही म्हणून बोलताय असं वाटतं.’

‘कुणाला?’

‘मलासुद्धा.’

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तेलाने पोळं मरणार होतं हे खरं, आणि मला गाडी बघवत नव्हती हेही खरं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याऐवजी मी आकडा बघू लागलो. धुराच्या तपासणीसाठी दर सहा महिन्यांनी गाडी वडाळ्याच्या पंपावर न्यावी लागे. मी शिवडीहून मुद्दाम तिथे जायचो. साडूला वाटे मला गाडीचं कौतुक आहे. पंपाच्या कोपऱ्यातल्या तपासणीच्या टपरीतला माणूस नळी सायलेन्सरमध्ये खुपसायचा आणि काचेवर लाल अक्षरांत कार्बन मोनॉक्साइडचा टक्का यायचा. पहिल्या तपासणीला ०.३ आला. मग ०.४. मग ०.९. मर्यादा तीन टक्क्यांची होती, त्यामुळे गाडी दर वेळी पास व्हायची, साडू टपरीवाल्याला थँक्यू म्हणायचा आणि सासरे म्हणायचे, ‘बघितलंत? तेलपाणी वेळेवर आहे ना.’ मी मान हलवायचो. १.६ आला त्या दिवशी मी घरी चालत गेलो, पार गिरगावपर्यंत, आणि वाटेत मला चक्क बरं वाटत होतं.

गणपतीला आम्ही सगळे त्या गाडीतून गावी गेलो. मुंबई सोडली की पुढे शिसं नसलेलं पेट्रोल मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून साडूने परतीचं पेट्रोल डब्यांत भरून घेतलं होतं. शिशाची त्याला फार धास्ती. गाडीबरोबरच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आणि त्याने टाकीच्या झाकणाला आतून ‘फक्त बिनशिशाचं’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. पुस्तकात तेलाबद्दल असं ठळक काही नव्हतं. पेट्रोलमध्ये कुणी आपणहून इंजिन ऑइल ओतेल हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यात कशाला येईल? मी मागच्या सीटवर, दोघी बहिणींच्या शेजारी, मांडीवर पिशव्या आणि मागून पेट्रोलचा वास. सासरे पुढे. घाटात गाडी दमली की ते साडूच्या गुडघ्यावर थाप मारून गिअर खाली घ्यायला सांगत.

गावात घरोघर गणपती बघायला गेलो. प्रत्येक पडवीत सासरे सांगत, ‘झिलाची गाडी.’ मग माझ्याकडे हात करून, ‘हे थोरले जावई. मोठे केमिस्ट.’ लोक उठून मला खुर्ची देत.

त्याच पावसाळ्यानंतर लालबागच्या इमारतीला नोटीस लागली. मोठी दुरुस्ती होती, सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. संक्रमण शिबिर लांब उपनगरात, आणि तिथे एकट्याने राहायचं त्यांचं वय नव्हतं. दोन मुलींची दोन घरं. गिरगाव की अँटॉप हिल, एवढाच प्रश्न. विचारलं की ते म्हणत, दिवाळी होऊ दे, मग सांगतो.

ते माझ्याकडे यावेत असं मला फार वाटत होतं. माझे वडील मी शाळेत असतानाच वारले. सतरा वर्षं रोज संध्याकाळी ज्या माणसाच्या दारात मी चपला काढल्या, तो माणूस शेवटी आपल्या घरात असावा, यात काही गैर आहे असं मला आजही वाटत नाही. मी गॅलरीच्या टोकाचं लाकडी पार्टिशन सरकवून खाटेपुरती जागा काढली. हत्यारांसाठी फळी ठोकली. आणि चोरबाजारातून एक जाम झालेलं हातशिलाईचं मशीन विकत आणलं. साडूचा मिक्सर माझ्या डोक्यात होता, हे उघड आहे.

सासरे जागा बघायला आले तेव्हा मी मशीन पुढे केलं. त्यांनी ते उलटं करून बघितलं, खोलून गंज घासला, तेल दिलं, आणि चहा निवायच्या आत चाक फिरू लागलं. बायकोने चिंधी शिवून बघितली, टाका सरळ आला.

‘चांगलं मशीन आहे,’ सासरे म्हणाले. मग त्यांनी हात पुसले आणि कितीतरी वेळ खाली रस्त्यावर बघत बसले. मशीनमध्ये आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर लगेच साडूच्या गाडीने दगा दिला. ती ओढेनाशी झाली. वसाहतीचा चढ पहिल्या गिअरमध्येही चढेना, आणि पायाखालचा पत्रा चटका बसेल इतका तापायचा. परळच्या एका गॅरेजमध्ये सायलेन्सर उतरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी साडू माझ्या कंपनीच्या फाटकावर आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. डबा कापून मेकॅनिकने ते पोळं अख्खं बाहेर काढलं होतं.

मी कागद उलगडला. मागची बाजू ठीक होती, भोकं मोकळी दिसत होती. इंजिनाकडची बाजू करड्या-पांढऱ्या, तुकतुकीत थराने लिंपली होती. मधल्या भागातली भोकं जवळजवळ बुजली होती. धूर बाहेर जायला वाटच उरली नव्हती.

साडू म्हणाला, ‘साडूभाऊ, मामांना हे कळता कामा नये. पंपवाल्याने शिशाचं पेट्रोल मिसळलं असं मी सांगणार आहे. तुम्ही फक्त मान हलवा. तुमचं ते मानतात.’

‘आधी तपासतो,’ मी म्हणालो.

‘तपासायचं काय त्यात? आपल्या दोघांना माहीतच आहे.’

‘माहीत आहे. तरी तपासतो.’

साहेबांना विचारून, सुटी झाल्यावर, मी तो थर खरवडून आम्लात विरघळवला. फॉस्फरसच्या चाचणीला पिवळा साका खाली बसला, चांगला दाट. जस्त निघालं. शिशाच्या चाचणीत नळी स्वच्छच राहिली. चिठ्ठी चिकटवणाऱ्या साडूने शिशाचा एक थेंबही गाडीत जाऊ दिला नव्हता.

शनिवारभर मी एकच गोष्ट डोक्यात फिरवत होतो. मान हलवली, तर सासरे निर्धास्त मनाने अँटॉप हिलला जातील. खरं सांगितलं, तर ज्याची गाडी आपण मारली त्याच्या दारात राहायला त्यांना लाज वाटेल, आणि ते माझ्याकडे येतील. म्हणजे खरं बोलण्यात माझा फायदा होता. मी आयुष्यात एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, आणि त्याचा मला त्रास असा कधी झाला नव्हता. त्या दिवशी झाला. माझी नियत स्वच्छ असती तर मी काय केलं असतं, याचा हिशेब काही केल्या लागेना. शेवटी मी ठरवलं की आपणहून काही बोलायचं नाही. विचारलं तर खोटं सांगायचं नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं लालबागच्या खोलीत बसलो. सामानाची बांधाबांध निम्मी झाली होती. पोळं मधे, वर्तमानपत्रावर. सासऱ्यांनी ते उचललं, खिडकीशी नेलं, एका बाजूने डोळा लावला, मग दुसऱ्या बाजूने. अंगठ्याने थर घासून बघितला. साडू बोलत होता. अलीकडे पंपांवर काय काय मिसळतात, किती जणांच्या गाड्या अशा गेल्या, कंपनीकडे तक्रार करणार. तो चांगलं खोटं बोलत होता, मायेने. मला त्याचाही हेवा वाटला.

सासरे त्याच्याकडे बघत नव्हते. पोळं मांडीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

‘शिसं?’

मी वर्तमानपत्राची दुमडलेली कड सरळ केली.

‘खरा सांग,’ ते म्हणाले.

‘शिसं नाही,’ मी म्हणालो. ‘फॉस्फरस आणि जस्त. तेलातलं.’

‘माझ्या तेलातला?’

‘हो.’

साडूने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेलो नाही. खाली गणेश गल्लीच्या बाजूने कुणीतरी भंगारवाला ओरडत चालला होता.

‘तुका ठावक होता,’ सासरे म्हणाले.

‘मी सांगितलं होतं.’

‘एकदा सांगलंस. मी आयकूक नाय, तर माझो हात धरूक होयो होतो.’ आवाज चढलेला नव्हता. ‘ह्यो धरूचो नाय, ह्याका माया. तू धरूक होयो होतो.’

मला वाटलं होतं ते खचतील. ते मुळीच खचले नाहीत. त्यांनी पोळं परत कागदावर ठेवलं, मला खुर्चीवरून खाली बसायची खूण केली आणि विचारायला लागले. तो धातू कुठे असतो? दिसत का नाही? थर धरतो तो समोरच्याच बाजूला का? धुऊन निघत नाही का, भट्टीत तापवला तर? तेलात ते जस्त घालतातच कशाला? मी सांगत गेलो, पेन्सिलने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवत गेलो. आमच्या प्रयोगशाळेत साहेबांनीसुद्धा माझं कधी इतकं नीट ऐकलं नाही. दोनदा त्यांनी मला थांबवून पुन्हा सांगायला लावलं. इतकी वर्षं मी त्या खोलीत येत होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं एका गोष्टीवर वाकून बसलो होतो. साडू मागे खाटेवर होता. मी मनात खाट गॅलरीच्या टोकाला नेऊन ठेवली, हत्यारं फळीवर लावली.

सगळं ऐकून झाल्यावर सासरे गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि साडूला म्हणाले, ‘नवीन बसवन घे. मी तुझ्याकडे येतंय ऱ्हवाक.’

साडू म्हणाला, ‘मामा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’

‘मनाक कसला लावतंय. मशीन मी मारलंय. आता ती जगयतलो कोण, ह्यो?’ म्हणून त्यांनी हसत माझ्याकडे बोट केलं. ‘ह्याच्याकडे शिलाईची मशीन असा. ती चलता.’

लाज वाटून ते तोंड लपवतील, हा माझाच अंदाज होता. गिरणीतला फिटर बिघडवलेला साचा टाकून दुसऱ्या साच्यावर जात नाही. मी त्यांना इतकी वर्षं रोज भेटत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. साडूला बहुतेक माहीत होतं. तरी तो खोटं बोलायला तयार झाला, म्हणजे सासरे गाडीची भरपाई करायला नव्हे, निर्धास्त मनाने आपल्या घरी यावेत असं त्याला वाटत होतं. हेही मला नंतर सुचलं.

बसस्टॉपपर्यंत साडू माझ्याबरोबर आला. म्हणाला, ‘मान हलवली असती तर तुमचं काय गेलं असतं?’ रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. मी म्हटलं, मला येत नाही. बस आली.

सामान हलवायच्या दिवशी मीही होतो. ट्रंका, भांडी टेम्पोत गेली. दुरुस्त झालेल्या गाडीत सासरे पुढे बसले, मांडीवर ते पोळं, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं. मी ते आठवण म्हणून मागितलं होतं. त्यांनी दिलं नाही. खिडकीतून मला म्हणाले, ‘आकडो काढूच्या दिवशी येवक होयो. झिल माका बरा वाटाचा म्हणान कायव सांगता.’

तेव्हापासून मी जातो. सासऱ्यांनी नव्या डब्याची राखण अशी केली की साडूला स्वतःच्या गाडीत पाणी घालायचं तरी त्यांना विचारावं लागे. तेलाची पातळी बरोबर खुणेवर, केसभरही वर नाही. पोळं त्यांच्या खाटेशेजारी खिडकीत असतं, येणाऱ्या प्रत्येकाला त्याची मागची आणि पुढची बाजू दाखवली जाते. वडाळ्याच्या टपरीत ते माझ्या शेजारी उभे राहतात, चष्मा असूनही काचेकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. मी आकडा वाचतो. ०.३. ०.३. ०.३. आकडा जितका चांगला, तितके ते तिथे रमलेले, हे मला कळतं. तरी मी तो मोठ्याने वाचतो. लालबागची इमारत अजून पूर्ण झालेली नाही. गॅलरीच्या टोकाला, मी काढलेल्या जागेत, शिलाईचं मशीन आहे.

गेल्या खेपेला ०.५ आला.

‘वाढलो,’ सासरे म्हणाले. ‘कित्याक?’

‘वयाने,’ मी म्हणालो. ‘तापून तापून कण एकमेकांना चिकटतात. बसायच्या जागा कमी होतात. त्याला कुणी काही करू शकत नाही.’

‘तेल नाय?’

‘तेल नाही.’

‘खरा?’

‘खरं.’

त्यांनी जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली, आणि साडूने दार उघडून धरलं होतं तिथे, पुढच्या सीटवर, सावकाश जाऊन बसले.